नाकासमोर

वळण संपलं, रस्ता सरळ झाला, आणि गाडी मात्र वळतच राहिली.

करूळ घाट होता. गगनबावड्याहून वैभववाडीकडे उतरत होतो. आषाढातली दुपार, कठड्यापलीकडे धुक्याखेरीज काही नाही. वळणातून बाहेर पडताना हात सैल सोडायचे, म्हणजे स्टिअरिंग आपसूक मध्यावर येतं. चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला या येण्याची इतकी सवय असते, की ते येतं हेच तो विसरून गेलेला असतो. त्या दिवशी ते आलं नाही. जिथे सोडलं तिथेच थांबलं. मी घाईने ओढून मध्यावर आणलं, तर मध्य ओलांडून पलीकडे निघालं. वेग तीसचाच होता म्हणून निभावलं. पुढची सगळी वळणं, हट्टी वासराला दाव्याने ओढत न्यावं तशी गाडीला ओढत उतरलो. खाली येऊन बाजूला थांबलो तेव्हा दोन्ही तळवे घामाने ओले होते.

दहा दिवसांपूर्वी मी ती गाडी उंच करून घेतली होती.

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी नोकरी संपली तरी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यातल्या धनगरवाड्यांवर जाणं मी थांबवलेलं नाही. तिथल्या गवळी धनगरांचा जीव म्हशींत असतो, आणि अडलेली म्हैस काही डोंगर उतरून दवाखान्यात येत नाही. वाड्यावर जाणाऱ्या वाटेला रस्ता म्हणणं कठीण. उघडा पडलेला जांभा, पावसाने मधली माती धुऊन नेलेले चर, कधीकाळी बैलगाड्यांनी पाडलेली आणि आता ओढ्याने ताब्यात घेतलेली चाकोरी. तिथे चाकोरीबाहेर चाक काढल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. आपल्या भाषेत हा शब्द माणसांच्या वागण्याला लागायच्या आधी चाकांचा होता, हे अशा वाटेवर कळतं.

या वाटांसाठी माझ्याकडे मारुती जिप्सी आहे. ही गाडी १९८५ च्या डिसेंबरात आपल्याकडे आली आणि २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. मधल्या काळात लष्कराने तिला हिमालयात नेलं, वनखात्याने जंगलात नेलं. माझी २००४ सालची, तेराशे सीसीची. वजन टनाच्या आतबाहेर. पुढे आणि मागे, दोन्हीकडे अखंड आस आणि त्याखाली कमानपाटे. म्हणजे बैलगाडीच्या भावकीतलीच म्हणायची. नवी असताना जमिनीपासूनची तिची उंची २१० मिलिमीटर होती. वीस वर्षांत पाटे बसले. प्रत्येक फेरीत पोटाला दगड घासल्याचा आवाज यायचा आणि तो मला स्वतःच्या बरगड्यांत जाणवायचा.

म्हणून उंची वाढवायची ठरवली. हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजात पुढे-मागे दोन इंच जादा लांबीचे शॅकल बसवून घेतले आणि २०५/७० मापाचे टायर काढून २३५/७५ चे चढवले. शॅकल दोन इंचांनी लांबला की गाडी एक इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक त्याला टांगलेलं असतं आणि आस पाट्याच्या मधोमध बांधलेला असतो. टायरांनी आणखी सव्वा इंच दिला. डिफरन्शियलचा गोळा दगडापासून खरोखर वर गेला तो या टायरांमुळे. पाट्यांनी गाडी कितीही उचलली तरी तो गोळा आसासोबत खालीच राहतो. दुपारभरात काम आटोपलं. गाडी बाहेर आली तेव्हा मान ताठ केलेल्या खोंडासारखी दिसत होती, आणि मला मनापासून आनंद झाला होता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही. हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. आज कुणी विचारलं तर पान्याला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या, असंच सांगतो. उंचीबरोबर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, ब्रेक लावल्यावर ती नाकावर जास्त झुकते, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रस्ता आपल्या एकट्याचा नसतो.

घाटातल्या त्या दुपारनंतर मी कोल्हापुरातल्या एका मोठ्या अलाइनमेंट सेंटरमध्ये गेलो. चारही रिमांना चकत्या अडकवल्या, समोरच्या खांबावरच्या कॅमेऱ्यांनी त्या टिपल्या, पडद्यावर आकडे उमटले. एका मुलाने खाली वाकून टाय रॉड फिरवला, लाल आकडा हिरवा झाला, आणि छापील कागद माझ्या हातात पडला. टो हिरवा. कॅम्बर हिरवा. कॅस्टरचे दोन्ही रकाने लाल. विचारलं तर म्हणाला, “सर, या गाडीला कॅस्टर अ‍ॅडजस्ट करायला काहीच नसतं. ते असंच राहणार.” त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. अखंड आसाच्या गाडीत कॅम्बर आणि कॅस्टर आसातच घडवलेले असतात, फिरवायला बोल्ट नसतो. पण बोल्ट नाही म्हणून इलाज नाही, हे मला पटेना. ताप मोजायचा आणि औषध कपाटात नाही म्हणून जनावराला बरं ठरवायचं, असं मी कधी केलं नव्हतं.

कुणीतरी शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. सत्तरीचे असतील, गल्लीतले लहानथोर त्यांना मामा म्हणतात. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला पाटे घडवणारी भट्टी, मध्ये त्यांची शेड. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला ती चालवायला सांगितली. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि यायचं. एकदा समोर उकिडवे बसून त्यांनी ती येताना पाहिली, एकदा पाठमोरी जाताना पाहिली. मी काचेतून त्यांच्याकडे बघत होतो आणि मला माझंच काम दिसत होतं. लंगडणारं जनावर मी असंच बघतो. ठाणावर उभ्या जनावराच्या पायाला चाचपत बसण्यात अर्थ नसतो. मोकळ्यावर चालवायचं, समोरून बघायचं, मागून बघायचं, मग पाय उचलायचा.

“डॉक्टर, गाडी उचललीसा,” मी उतरल्यावर मामा म्हणाले, “पर तिला उभं ऱ्हायाला शिकवायचं ऱ्हायलं की.”

मग ते गाडीच्या मागे गेले. स्टेपनीला मी जुनाच टायर ठेवला होता, आधी पुढच्या चाकाला चालत असलेला. त्याच्या नक्षीवरून मामांनी तळवा आडवा फिरवला, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. मला म्हणाले, तुम्ही फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत गेला, उलट दिशेने बोचलं. म्हशीच्या अंगावर लवीच्या ओघाने हात फिरवावा आणि मग लवीविरुद्ध फिरवावा, अगदी तसं. चाक सरळ धावण्याऐवजी तिरकं राहिलं, की पुढे जाता जाता आडवंही घासत जातं, आणि रबराच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड धारदार होते. ही टो चुकल्याची खूण.

“ह्यो आजार उंचीच्या आधीचा हाय,” मामा म्हणाले. टाय रॉडचे दोन्ही एंड झिजून ढिले झाले होते. वर्षानुवर्षं चालवत होतो आणि मला कळलं नव्हतं.

मी रोज खुरं बघतो. ठाणबंद म्हैस महिनोन्‌महिने मऊ शेणमातीत उभी राहिली, की तिचा खूर झिजत नाही. पुढचं टोक लांबतं, टाच बसते. खुराच्या पुढच्या बाजूचा जमिनीशी साधारण ४५ ते ५० अंशांचा उतार असावा, तो पसरट होत जातो. भार टाचेकडे सरकतो, मागच्या शिरा ताणतात, म्हैस पाय चोरायला लागते. घरातले म्हणतात, म्हातारी झाली, काढून टाकू. खूर तासून टोक दोन बोटं कमी करावं, तर कधीकधी त्याच संध्याकाळी तिची चाल बदललेली दिसते. मी कितीतरी म्हशी या दोन बोटांवर बाजाराच्या वाटेवरून परत आणल्या आहेत. पाय तोच असतो, जमिनीला तो कोणत्या कोनात भेटतो एवढंच बदललेलं असतं. त्या शेडमध्ये आयुष्यभराची ही माहिती मला रबर-लोखंडात पुन्हा भेटत होती आणि मी थरारून गेलो होतो.

कॅस्टर म्हणजे हाच उतार. पुढचं चाक ज्या आसाभोवती डावी-उजवीकडे वळतं तो अगदी उभा ठेवलेला नसतो. त्याचं वरचं टोक थोडं मागे झुकवलेलं असतं. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. त्याची रेघ खाली वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. टेकलेली जागा या रेघेच्या मागोमाग ओढली जाते आणि म्हणून चाक सरळ व्हायला बघतं. पोरं हँडल सोडून सायकल चालवतात त्यामागच्या कारणांपैकी हे एक. जिप्सीत हा झुकाव असतो साडेतीन अंशांच्या आसपास. एवढ्याशा कलण्यावर घाटातलं प्रत्येक वळण विसंबलेलं असतं.

जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, पाटा कलतो, आणि त्याच्यावर बांधलेला आस त्याच्यासोबत पुढे लवतो. पाटा मीटरभर लांब, किंचित कमीच. टोक दोन इंच खाली. हिशेब केला तर साधारण तीन अंश होतात. साडेतीनातून तीन गेले. गॅरेजवाल्याने एक इंच दिला होता आणि न सांगता तीन अंश नेले होते. आणि कॅस्टर टायरवर खूण ठेवत नाही. टो चुकला तर टायर बोलतो, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, चुकला तर एक कड चाटून गेल्यासारखी झिजते. कॅस्टर गेल्याचं फक्त हातांना कळतं, तेही वळणावर.

“आधी ढिलं काय हाय ते काढू, मग वाकडं काय हाय ते बघू,” मामा म्हणाले, आणि पुढचे दोन दिवस मी तिथून हललो नाही. टाय रॉडचे एंड नवे पडले. मग चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या बेअरिंगांची तपासणी. टाय रॉड सोडवून त्यांनी चाक धरणाऱ्या नकलच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि हळूहळू ओढला. किती ओढल्यावर नकल हलायला लागतो ते काट्यावर वाचायचं; फार हलका फिरला तर बेअरिंग सैल, आणि वेगात चाक थरथरणार. करडांचं वजन करायला मी असाच काटा वापरतो. उजवीकडचा फारच हलका फिरला, तिथलं बेअरिंग बदललं.

लांब शॅकल मामांनी काढून टाकले. मी विचारलं, आसाखाली पाचर मारून झुकाव परत आणता येणार नाही का? येईल, म्हणाले, आणि मला गाडीखाली घेऊन गेले. पुढच्या आसाचा डिफरन्शियल मागे तोंड करून असतो. तिथून प्रोपेलर शाफ्ट वर ट्रान्स्फर केसकडे जातो. आस मागे झुकवला की ते तोंड खाली जातं, आणि गाडी उंच झाल्यामुळे शाफ्टचा सांधा आधीच जास्त वाकलेला असतो. म्हणजे तीन अंशांची पाचर स्टिअरिंगला बरं करील आणि सांध्याला मारील. चिखलात चारही चाकांना जोर दिला की तो सांधा कण्हायला लागेल. एका पायाचं दुखणं दुसऱ्या पायावर घालण्यातला प्रकार. त्याऐवजी मूळ शॅकल ठेवायचे, पाटे भट्टीत घालून त्यांना कमान चढवायची आणि एक पाटा वाढवायचा, असं त्यांनी ठरवलं. पाटा दोन्ही टोकांना सारखा उचलला की आस लवत नाही. इंच तोच, पण सरळ मार्गाने मिळवलेला.

तरीही दीडेक अंश कमी पडत होता. तेवढ्यापुरती पोलादी पाचर शेजारच्या कारखान्यात मिलिंगवर काढून आणली. जिप्सीचा पाटा आसाच्या खाली असतो, म्हणून पाचरेची जाड बाजू पुढे. जाड टोकाशी काही मिलिमीटर, बारीक टोकाशी जवळजवळ नाहीच. ती हातात घेऊन मी बराच वेळ बघत होतो. सुतार खुर्चीच्या डुगडुगत्या पायाला मारतो तसलाच तो एक तुकडा.

शॅकलचे आणि पाट्यांचे बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर असताना आवळू दिले नाहीत. “वजन तिच्या पायावर येऊ द्या, मग आवळा.” लोंबत्या स्थितीत आवळलं तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि गाडी खाली टेकल्यावर आयुष्यभर त्या पिळाशी झगडत राहतात. माझ्याकडे गाय व्यायल्यावर वासराला उभं करायची घाई करणाऱ्यांना मी हेच सांगतो, आधी त्याला त्याचं वजन सापडू दे.

मग मापं. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन मामांनी फरशीच्या चारही जागा एका पातळीत आहेत का ते पाहिलं. एका चाकाखाली पत्र्याचा तुकडा सारला. चारही टायरांत हवा सारखी केली. पुढची चाकं फिरत्या ताटांवर घेतली. कॅस्टर सरळ मोजता येत नाही, हे मला तेव्हाच कळलं. चाक नाकासमोर ठेवून कितीही निरखलं तरी तो दिसत नाही. वीस अंश डावीकडे वळवायचं, बुडबुड्याच्या गेजवर कॅम्बर वाचायचा. वीस अंश उजवीकडे वळवायचं, पुन्हा वाचायचा. दोन्हींतल्या फरकावरून तो काढायचा. बुडबुडा थांबेपर्यंत शेडमध्ये कुणी बोलत नव्हतं. साडेतीनला थोडा कमी. मामांनी मान हलवली.

टोसाठी त्यांनी यंत्र वापरलंच नाही. एकेक पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं आणि टायरला खिळा टेकवून नक्षीच्या मधोमध बारीक रेघ ओढून घेतली. गाडी खाली घेतली, दोन मीटर पुढे ढकलली, म्हणजे चाकं स्वतःच्या जागी बसतात. मग दोन्ही रेघांमधलं अंतर पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने, आसाच्या उंचीवर. पुढचं अंतर मागच्यापेक्षा चार मिलिमीटर कमी येईपर्यंत टाय रॉड फिरवत राहिले. त्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, त्यामुळे दांडा जागेवर फिरवला तरी लांबी बदलते. मी म्हणालो, समांतरच का नाही? मामांनी दोन्ही हात पुढे धरले आणि तळवे जरा आत वळवले. गाडी पुढे निघाली की रस्ता पुढच्या चाकांना मागे रेटतो, सांध्यांत उरलेली बारीक फट भरते आणि चाकं बाहेर फाकतात. चालताना समांतर राहावीत म्हणून उभी असताना थोडी आत बघणारी ठेवायची.

वळताना तर ती समांतर राहूनही चालत नाही, आतल्या चाकाला जास्त वळावं लागतं. हा विचार घोडागाडीच्या काळातला आहे. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी तो मांडला, लंडनमध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी १८१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि नाव अ‍ॅकरमन यांचं राहिलं. मामांना यातलं कुठलंच नाव ठाऊक नव्हतं. वाकलेल्या टाय रॉडने तो मेळ बिघडतो हे मात्र त्यांनी मला दांडा फरशीवर गडगडवून दाखवलं.

शेवटचं काम ड्रॅग लिंकचं. स्टिअरिंग बॉक्सपासून पलीकडच्या चाकाकडे जाणारा हा दांडा गाडी उंच झाल्यावर जास्त तिरका होतो. लांबी तेवढीच, पण आडवी पोच कमी, म्हणून चाकं सरळ असताना स्टिअरिंग एका अंगाला वळलेलं राहतं. ते मधोमध आलं. तिरकेपणा मात्र पूर्ण गेला नाही, खड्ड्यात नाक दबलं की स्टिअरिंगला हलकासा हिसका अजून बसतो. तो जाणार नाही, असं मामांनी स्पष्ट सांगितलं. उंचीची तेवढी किंमत मी आजही भरतो.

दोन दिवसांनी गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. एका मोठ्या वळणाच्या शेवटी हात सैल सोडले. तळव्यांखालून रबराची रिंग सरकत गेली, मध्यावर आली, थांबली. मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ तसाच बसलो. पाऊस पडत होता. मग वाड्यावर गेलो. एका म्हातारीची म्हैस आठवड्यापासून पाय टेकत नव्हती, खूर तासायला तास गेला. पोरांनी तिला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मी उकिडवा बसून आधी समोरून बघितलं, मग मागून.

नवे घडवलेले पाटे बसतात, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर या, असं मामांनी बजावलं होतं. गेलो. यू-बोल्टांचे नट सगळे थोडे थोडे फिरले, एक तर चांगला पाव फेरा. टो चाराऐवजी सहा झाला होता. मला वाईट वाटलं. इतकं निगुतीने केलेलं काम पंधरा दिवसांत हललं होतं. मामांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याची सुतळी काढली, मागच्या चाकांना टेकवून गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढपर्यंत ताणायची असते ती, आणि तिचं एक टोक माझ्याकडे केलं.

“धरा, डॉक्टर. सैल सोडू नकासा.”

मी फरशीवर गुडघे टेकले आणि धरलं.